उतरणीचा हिशेब

सुरतेपासून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर असलेले कडोदरा हे गाव नकाशात पाहिले, तर दोन महामार्गांच्या छेदापलीकडे त्याचे वैशिष्ट्य चटकन ध्यानात येत नाही. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा रस्ता आणि धुळ्याहून सुरतेकडे येणारा रस्ता येथे एकमेकांना ओलांडतात. पूर्वी हे महामार्ग आठ व सहा या क्रमांकांनी ओळखले जात. आता त्यांचे क्रमांक ४८ व ५३ झाले आहेत. धुळ्याकडून निघालेली मालमोटार कोंडाईबारीचा घाट उतरते, नवापूर, सोनगड, व्यारा आणि बारडोली मागे टाकते आणि कडोदऱ्याच्या चौफुलीजवळ वाहनांची रांग दिसताच तिचा चालक ब्रेकवर पाय ठेवतो. चाकांतून करकर आवाज येतो, किंचित जळका वास सुटतो आणि क्षणापूर्वी तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने धावणारे ते धूड जागच्या जागी उभे राहते.

मोटार थांबली, हे सर्वांना दिसले. परंतु तिच्या ठायी असलेली गती गेली कोठे?

हा प्रश्न पोरकट वाटतो. तथापि पदार्थविज्ञानातील एक अत्यंत मोठा सिद्धांत याच प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहिला आहे. शालेय पुस्तकात त्याची सुरुवात दोन व्याख्यांनी होते. वस्तूच्या स्थितीमुळे तिच्यात साठलेली ती स्थितिज ऊर्जा आणि वस्तूच्या गतीमुळे तिला लाभलेली ती गतिज ऊर्जा. मुले या व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात, त्यांना गुणही मिळतात. व्याख्या चुकीच्या नाहीत. पण ऊर्जा हा एक हिशेब आहे, आणि हिशेब हा रकमा मांडल्यावाचून कळत नाही, ही गोष्ट त्यातून बहुधा निसटून जाते. तेव्हा रकमाच मांडाव्या.

मालासह पंचवीस टन वजनाची मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे पस्तीस लाख जूल इतकी गतिज ऊर्जा असते. जूल हे माप घरगुती नाही. विजेच्या देयकात ज्याला एक युनिट म्हणतात, त्यात छत्तीस लाख जूल असतात. म्हणजे त्या धावत्या मोटारीच्या अंगी जवळजवळ एक युनिट वीज भरलेली आहे म्हणावयाची. ब्रेक लागतो तेव्हा यातील बहुतेक सारी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. चौफुलीवरच्या चहाच्या टपरीत दहा-अकरा लिटर पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागेल, तेवढी ती असते. चालकाच्या एका पायदाबाने एवढी धग चाकांपाशी उत्पन्न होते आणि वाऱ्यावर विरून जाते. जळका वास येतो तो यामुळेच.

घाटातला हिशेब याहून कडक आहे. हीच मोटार शंभर मीटर उंचीचा उतार उतरली, तर तिची जी स्थितिज ऊर्जा मोकळी होते ती जवळपास सात युनिटे भरते. साठच्या वेगावरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता ब्रेकांनी एकट्यांनी सोसावयाची, असा त्याचा अर्थ. म्हणून जाणता चालक घाटाच्या तोंडाशीच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो आणि इंजिनालाच तिला अडवून धरावयास लावतो. ब्रेक राखून ठेवतो. उतारावर इंजिन बंद करून, गिअर सोडून गाडी नुसती घरंगळू देण्यात डिझेल वाचते असा काहींचा समज असतो. वाचलेले डिझेल काही रुपयांचे. आणि ब्रेक तापून निकामी झाले, तर ती सात युनिटे ज्याच्यावर कोसळतील त्याला ती मोजण्यास अवसर राहत नाही.

कडोदरा, उधना, लिंबायत, पांडेसरा या बाजूंना कामधंद्यासाठी येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत खानदेशची कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना ऊर्जेचे रूपांतर समजावून देण्यास याहून सौम्य असे एक उदाहरण घरचेच आहे. ते म्हणजे आखाजीचा झोका. अक्षय तृतीयेला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडाला दोर बांधून झोके घेतात. झोका टोकाला पोचतो तेव्हा निमिषभर थांबतो. तेथे गती शून्य आणि उंची सर्वांत अधिक असते. मग तो खाली येऊ लागतो. उंची जाते, तिच्या मोबदल्यात वेग येतो. तळाशी वेग सर्वांत मोठा आणि उंची सर्वांत कमी. पुन्हा वर चढताना तोच वेग उंचीत फेडला जातो. झोका टोकापासून तळापर्यंत दोन मीटर उतरला, तर तळाशी त्याचा वेग तासाला बावीस किलोमीटरच्या वर जातो. आणि नवल असे, की झोक्यावर पाच वर्षांची पोर बसलेली असो की तिची आई, हा वेग तोच राहतो. वजन दुप्पट झाले तर साठवण दुप्पट होते, पण हलवावयाचे ओझेही दुप्पट होते.

झोका आपोआप मंदावतो, कारण हवा आणि दोराची गाठ दर फेरीला थोडीशी ऊर्जा घेतात आणि तिची ऊब करून टाकतात. उभ्याने झोका घेणारी मुलगी ही तूट कशी भरून काढते, हे पाहण्यासारखे असते. टोकाला ती गुडघे वाकवते आणि तळाशी येताच ताठ उभी राहते. तळाशी शरीर जड झालेले असते, आणि ते उचलण्यासाठी तिच्या पायांनी केलेले काम झोक्याच्या खात्यात जमा होते. कोणी शिकविल्यावाचून हे तिला साधते. सकाळी खाल्लेल्या भाकरीची ऊर्जा झोक्याच्या उंचीत चढविण्याची ही युक्ती खानदेशातल्या मुलींना न्यूटनच्या कितीतरी आधीपासून अवगत असली पाहिजे.

उंची आणि वेग यांचा हा विनिमय सरळ प्रमाणात मात्र नाही, आणि हिशेबातील सगळी मेख येथे आहे. वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते. अठराव्या शतकात युरोपातील विद्वानांत यावरून मोठा वाद माजला होता. गतिमान वस्तूचा जोर वेगाच्या प्रमाणात वाढतो, असे न्यूटनच्या अनुयायांचे म्हणणे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे लायब्निझच्या पक्षाचे. हॉलंडमधील ग्रावेसांड या प्राध्यापकाने पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. ज्या गोळ्याचा वेग दुप्पट, त्याने मातीत केलेला खड्डा चौपट भरला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वर्गाचा पक्ष ठामपणे मांडला आणि त्या काळच्या नामांकित पुरुषांशी त्यासाठी लेखणीने झुंज दिली. न्यूटनचा ग्रंथ फ्रेंच भाषेत आणणारीही हीच बाई. परंतु मातीतल्या खड्ड्यापुढे तिने न्यूटनच्या शिष्यांची भीड ठेवली नाही.

मातीतला हा खड्डा कडोदऱ्याच्या चौफुलीवर जीवन-मरणाचा होतो. चाळीसच्या वेगाने येणाऱ्या मोटारीला थांबण्यास जितके अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या त्याच मोटारीला, तेच ब्रेक असताना लागते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात ऐंशीच्या वेगाची गाडी बावीस मीटर पुढे आलेली असते. रस्ता ओलांडणारा माणूस मनात जो अदमास करतो तो सरळ प्रमाणाचा असतो. दुप्पट वेग म्हणजे दुप्पट अंतर, असे त्याला वाटते. उंचीच्या भाषेत बोलायचे, तर ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सव्वासहा मीटरांवरून पडणे होय, आणि ताशी ऐंशी म्हणजे पंचवीस मीटरांवरून पडणे. पहिल्या उंचीला दुमजली घर म्हणता येईल. दुसरीला आठ मजल्यांची इमारत लागते.

ज्या वाटेने मोटार आली, जवळपास त्याच दिशेने एक नदीही आलेली आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर तापीचा उगम होतो. सुमारे ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्याच्या पाच हिश्शांपैकी जवळजवळ चार हिस्से महाराष्ट्रात आहेत. वऱ्हाडातील पूर्णा, मालेगावाकडील गिरणा, धुळ्याची पांझरा यांचे सारे पाणी अखेर तिच्यातच येते. हे पाणी साडेसातशे मीटर वर नेले कोणी? पंप नव्हता, हमाल नव्हते. सूर्याने समुद्राच्या पाण्याची वाफ केली, वाऱ्याने ती सातपुड्यावर नेली आणि पावसाने ती तेथे ठेव म्हणून टाकली. नदी त्या ठेवीचे व्याज नव्हे, तर मुद्दलच खर्चीत खाली येते. वाटेत दगडांवर आपटून, गाळ वाहून, ते सगळे ती उष्णतेत उडवून टाकते.

१९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाने हा खर्च एका ठिकाणी अडविला. धरणाच्या भिंतीमागे पाणी चढले आणि त्याला उंची मिळाली. वीजगृहात प्रत्येकी पंचाहत्तर मेगावॅटची चार यंत्रे आहेत. एकूण तीनशे मेगावॅट. पाण्याची उतरण पन्नास मीटर धरली, तर विजेचे एक युनिट मिळण्यासाठी, यंत्रांतील थोडी तूट जमेस धरून, सुमारे आठ हजार लिटर पाणी खाली यावे लागते. एक पाण्याचा टँकर रिकामा झाला तेव्हा एक युनिट झाले. ती पंचवीस टनांची मोटार चौफुलीवर एकदा उभी राहिली, की उकाईचा एक टँकर वाऱ्यावर गेला असे समजावयास हरकत नाही. विजेच्या जाळ्यात कोळशाची, अणुशक्तीची आणि पाण्याची वीज एकत्र मिसळते. कडोदऱ्याच्या दिव्यातील वीज कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. येथे पाण्याचे माप घेतले आहे ते केवळ डोळ्यांपुढे उभे राहते म्हणून.

यंत्राची पाती न लावता तेच पाणी नुसते कोसळू दिले तर? पन्नास मीटरांखाली त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक भरेल, ते खळाळेल, फेसाळेल आणि शेवटी शांत होईल. शांत होताना ते तापलेले असेल. परंतु किती, तर एका अंशाच्या आठव्या हिश्शाइतके. जेम्स जूल हा इंग्रज शास्त्रज्ञ १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्स पर्वताच्या प्रवासास गेला असता धबधब्याच्या वरचे व खालचे तापमान मोजण्यासाठी तापमापक घेऊन निघाला होता, अशी आठवण पुढे लॉर्ड केल्व्हिन यांनी सांगितली आहे. तुषारांमुळे त्याचे मोजमाप साधले नाही म्हणतात. नववधूला या उद्योगाचे काय वाटले, याची नोंद नाही. पण हरवलेली गती उष्णतेच्या रूपाने शिल्लक राहते, हा हिशेब ज्याने प्रयोगशाळेत पुरा केला तो हाच मनुष्य, आणि ऊर्जेच्या मापाला त्याचेच नाव मिळाले.

उकाईच्या पाण्याला उंची मिळाली ती फुकट मिळाली नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. जलाशयाच्या फुगवट्याखाली गुजरातेतील गावे गेली, आणि त्या वेळच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातीलही गावे गेली. त्यांत आदिवासी शेतकऱ्यांची संख्या मोठी होती. शास्त्राच्या हिशेबात पाण्याची उंची सूर्याच्या नावे मांडली जाते. त्या उंचीखाली ज्यांची शेते बुडाली त्यांच्यासाठी त्या वहीत रकाना नाही. तो दुसऱ्या वहीत असावयास हवा होता.

साठवलेल्या ऊर्जेचा एक गुण असा, की ती दिसत नाही. भरलेला जलाशय हा जगातील अत्यंत निवांत देखावा होय. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, जलाशय भरत आला आणि धरणाच्या बावीस दरवाजांतून पाणी सोडणे भाग पडले. विसर्ग सेकंदाला नऊ लाख घनफुटांच्या घरात पोचला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अनेक माणसे दगावली. त्या वेळी खालच्या पात्रातील पाणीही फुगलेले होते, म्हणून उतरण चाळीस मीटरच धरावी. तरीसुद्धा त्या पाण्याबरोबर क्षणोक्षणी खाली येणारी ऊर्जा वीजगृहाच्या पूर्ण क्षमतेच्या तीसपटींहून अधिक होते. एक हिस्सा पकडण्याची यंत्रे, आणि तीस हिस्से मोकळे. पाणी आधीच थोडे थोडे का सोडले नाही, यावर पुढे मोठा वाद झाला. त्या वादाच्या मुळाशी स्थितिज ऊर्जेचेच दुटप्पी स्वरूप आहे. विजेला आणि शेतीला जलाशय भरलेला हवा. पुराला सामावून घेण्यास तो रिकामा हवा. एकच जागा दोन्ही कामांस लावली, की दर पावसाळ्यात कोणीतरी मनुष्य उंचीकडे पाहत बसतो आणि पुढच्या चार दिवसांच्या आकाशावर पैज लावतो. शास्त्र त्याला रक्कम सांगू शकते. निर्णय त्याचा त्यालाच करावा लागतो.

वीज कडोदऱ्याच्या परिसरात पोचते आणि तेथे ती बहुतांशी मागाला जुंपली जाते. जुन्या यंत्रमागात ताण्याच्या दोन थरांमधून धोटा इकडून तिकडे फेकला जातो. धोट्यात कांडी, कांडीवर बाण्याचा धागा. दांड्याचा फटका बसतो, धोटा सेकंदाला बारा मीटरच्या वेगाने सुटतो, पलीकडच्या पेटीत आपटून थांबतो, आणि लगेच उलट फटका खातो. असे मिनिटाला दीडशे वेळा. धोटा चारशे ग्रॅमचा धरला, तर दर फेकीत सुमारे एकोणतीस जूल ऊर्जा त्याला द्यावी लागते आणि पेटीत ती सगळी खटखटाटात व उष्णतेत वाया जाते. आता त्या फेकीने नेले काय, ते पाहावे. ऐंशी डेनियरचा कृत्रिम धागा, सव्वा मीटर पन्ह्याचा: त्याचे वजन एका ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाहून फारसे अधिक नाही. एका ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शासाठी चारशे ग्रॅम पळवायचे! बारा तासांच्या एका पाळीत एका मागाच्या धोट्यापायी उकाईचे सात हजार लिटर पाणी खाली येते, आणि त्यातून कापडाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. कामगाराच्या कानांना मात्र त्यातला हिस्सा रोज मिळतो. कधी धोटा वाट चुकून मागाबाहेर उडतो. टोकाला धातू असलेली ती लाकडी वस्तू एकोणतीस जूल घेऊन डोळ्यावर आली, तर काय होते ते यंत्रमागाच्या वस्तीत सांगावे लागत नाही.

यावर उपाय निघाला तो धोटाच काढून टाकण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात पाण्याच्या झोताने धागा नेणारा माग तयार झाला आणि न भिजणाऱ्या कृत्रिम धाग्यांसाठी तो सुरतेच्या पट्ट्यात चांगलाच रुजला. वॉटरजेट या नावाने तो येथे ओळखला जातो. त्याचा पंप म्हणजे या साऱ्या विषयाचे छोटे प्रदर्शनच होय. एक फिरते कॅम स्प्रिंग हळूहळू दाबीत जाते, ऊर्जा साठते. कॅमची कड सरली की स्प्रिंग एकदम मोकळी होते, दट्ट्या पुढे जातो आणि चमचाभरापेक्षाही कमी पाणी बारीक तोटीतून सुटून धाग्याला आपल्याबरोबर ओढून नेते. दाबलेली स्प्रिंग म्हणजे हातात मावणारे उकाई. उंची नाही, पण स्थिती आहे. आणि स्थितिज ऊर्जेला उंचीच पाहिजे असे नाही, हे विद्यार्थ्यांना पटविण्यास दुसरे उदाहरण शोधण्याचे कारण उरत नाही. या मागात वीज काहीच वाया जात नाही, असे नव्हे. पण चारशे ग्रॅमचे आपटणे संपले. त्याऐवजी पाणी खर्ची पडू लागले आणि ते निवळून घेण्याचा नवा प्रश्न उभा राहिला, हे खरे आहे.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. अशा शाळांतील पुष्कळ मुलांच्या घरी कोणी ना कोणी मागावर आहे, कोणी मालमोटारीवर आहे. त्यांना छपरावरच्या दगडाचे उदाहरण देऊन थांबणे म्हणजे भरल्या घरात उसनवारी करण्यासारखे आहे. ग्रावेसांडचा प्रयोग तर खर्चाविना होतो. गाड्यांच्या गॅरेजात जुन्या बेअरिंगमधील मोठी गोळी सहज मिळते. घमेल्यात चांगली मळलेली काळी माती घ्यावी, वरचा पृष्ठभाग फळीने सपाट करावा आणि गोळी एकदा पाव मीटरवरून, एकदा एक मीटरवरून सोडावी. उंची चौपट, म्हणजे वेग दुप्पट. मुलांना आधी अंदाज लिहून ठेवावयास सांगावे. बहुतेकजण दुप्पट खड्डा लिहितील. खड्ड्याची नुसती खोली काडीने मोजू नये. खोल जाताना तो रुंदही होतो, म्हणून खोली चौपट भरत नाही आणि मास्तरांची पंचाईत होते. गोळी अलगद काढून घ्यावी, औषधाच्या थेंबनळीने खड्ड्यात काठोकाठ पाणी सोडावे आणि थेंब मोजावे. माती पाणी पिऊ लागण्याच्या आत हे उरकले पाहिजे. त्यासाठी खड्ड्याला आतून तेलाचे बोट फिरवून घेतले तर बरे पडते.